स्वतंत्र संगीताची संस्कृती आणि स्त्रीचा स्वर : 'रायट गर्ल' चळवळीच्या संदर्भात

लोकप्रिय संगीताच्या अभ्यासात 'स्वतंत्र संगीत' ही संज्ञा आता रूढ झाली आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचे भांडवल आणि त्यांची वितरणव्यवस्था यांवर अवलंबून न राहता निर्माण होणारे संगीत, असा तिचा स्थूल अर्थ सांगता येईल. परंतु ही संज्ञा केवळ आर्थिक व्यवहाराची निदर्शक नाही. तिच्यात एक मूल्यविचार गृहीत धरलेला आहे : जे बाजारापासून मुक्त ते अधिक अस्सल, अधिक निर्भय आणि म्हणून अधिक समतावादी. या गृहीतकाची तपासणी स्त्रियांच्या अनुभवाच्या आधारे केली असता काय हाती लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयाला आलेली 'रायट गर्ल' ही चळवळ मध्यवर्ती मानली आहे. या चळवळीने गीत, गायन, छोटी पत्रिका आणि बैठक ही चारही माध्यमे एकाच वेळी वापरली. त्यामुळे तिचा विचार संगीताच्या इतिहासाइतकाच वाङ्मयीन संस्कृतीच्या अभ्यासालाही आवश्यक ठरतो.

१. 'स्वातंत्र्य' कोणाचे?

स्वतंत्र ध्वनिमुद्रणाला १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पंक संगीताने वैचारिक अधिष्ठान दिले. वाद्यावर प्रभुत्व असलेल्या मोजक्या कलावंतांनी भव्य मंचावरून वादन करावे आणि हजारोंनी ते दुरून ऐकावे, ही रॉक संगीतातील रीत पंकने नाकारली. मोजके सूर येत असले तरी गट स्थापन करता येतो, थोड्या पैशात ध्वनिमुद्रिका काढता येते आणि ती टपालाने किंवा ओळखीच्या दुकानातून विकता येते, हा त्याचा संदेश होता. 'आपले आपण करा' हे या संस्कृतीचे ब्रीद बनले. लंडनमध्ये १९७६ साली सुरू झालेले 'रफ ट्रेड' हे दुकान व १९७८ पासूनची त्याच नावाची कंपनी, तसेच वॉशिंग्टन शहरातील 'डिस्कॉर्ड' (१९८०) ही या विचाराची ठळक उदाहरणे होत.

कौशल्याची अट शिथिल झाली की ज्यांना ते कौशल्य मिळवण्याची संधीच नव्हती त्यांना प्रवेश मिळतो, हे उघड आहे. स्त्रियांच्या बाबतीत असे काही प्रमाणात घडलेही. परंतु प्रवेश मिळणे आणि स्थान मिळणे यांत अंतर असते. ब्रिटिश अभ्यासक मेव्हिस बेटन यांनी 'फ्रॉक रॉक' (१९९८) या ग्रंथात स्त्री वादकांच्या मार्गातील अडथळ्यांची तपशीलवार नोंद केली आहे. पैसा, वाद्ये, वाहन, सरावाची जागा आणि रिकामा वेळ या भौतिक गोष्टींपासून ही यादी सुरू होते. तिच्यात वाद्यांच्या दुकानात मिळणारी वागणूक आहे, तसेच ध्वनियंत्रणेविषयीची पुरुषांच्या आपसातील तांत्रिक परिभाषाही आहे. या अडथळ्यांपैकी बहुतेक कोणत्याही कंपनीने निर्माण केलेले नाहीत. ते घरात, मित्रमंडळात आणि सरावाच्या तळघरात निर्माण होतात. म्हणजेच मोठ्या भांडवलापासून सुटका झाली तरी त्यांच्यापासून सुटका होत नाही. उलट, स्वतंत्र संगीताचा सारा व्यवहार मैत्री आणि ओळखीवर चालत असल्यामुळे, ज्यांना त्या मैत्रीत बरोबरीचे स्थान नाही त्यांची कोंडी अधिक घट्ट होण्याचा संभव असतो.

या कोंडीला अभ्यासशाखेनेही हातभार लावला. युवकांच्या उपसंस्कृतींचा अभ्यास बर्मिंगहॅम येथील सांस्कृतिक अभ्यास केंद्राने प्रतिष्ठित केला. पण त्यातील 'युवक' हा बहुधा रस्त्यावरचा, श्रमिक वर्गातील मुलगा होता. अँजेला मॅक्‌रॉबी आणि जेनी गार्बर यांनी १९७६ साली याच केंद्राच्या संकलनात एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला : या उपसंस्कृतींत मुली खरोखरच नाहीत, की अभ्यासकाची दृष्टी जिथे पोहोचते तिथे त्या नाहीत? मुलींना रस्त्यावर वावरण्याची मोकळीक मर्यादित असते. त्यामुळे त्यांची संस्कृती शयनकक्षात, मैत्रिणींच्या सहवासात, छायाचित्रे, मासिके आणि ध्वनिमुद्रिका यांच्याभोवती आकार घेते, असे त्यांनी दाखवले. ही मांडणी येथे महत्त्वाची आहे, कारण पंधरा वर्षांनंतरच्या चळवळीने हाच शयनकक्ष निर्मितीचे केंद्र बनवला.

२. दोन पूर्वपरंपरा

'रायट गर्ल'च्या मागे दोन परंपरा दिसतात. पहिली स्त्रीमुक्ती चळवळीतून आली. १९७० साली मानसशास्त्रज्ञ नाओमी वाइस्टीन यांच्या पुढाकाराने शिकागोत स्त्रीमुक्तिवादी रॉक गट स्थापन झाला. या गटाने न्यू हेवन येथील तशाच गटाबरोबर १९७२ साली 'माउंटन मूव्हिंग डे' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या शीर्षकगीताचा आधार जपानी कवयित्री योसानो अकिको यांची कविता होती. ती १९११ साली 'सेइतो' या स्त्रियांच्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात प्रसिद्ध झाली होती. जपानी स्त्रियांच्या छोट्या नियतकालिकातील कविता साठ वर्षांनी अमेरिकन रॉक गीत बनते, ही घटना पत्रिका आणि गीत यांच्या जुन्या नात्याची साक्ष देते.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, वॉशिंग्टन शहरातील स्त्रियांच्या एका समूहाने 'ऑलिव्हिया रेकॉर्ड्स' ही कंपनी स्थापन केली. गायन-वादनापासून ध्वनिमुद्रण, मुद्रिकेची रचना व वितरण इथपर्यंत सारी कामे स्त्रियांनी करावीत हे तिचे धोरण होते. क्रिस विल्यमसन यांची 'द चेंजर अँड द चेंज्ड' (१९७५) ही या कंपनीची सर्वाधिक गाजलेली ध्वनिमुद्रिका. १९७६ पासून मिशिगन राज्यात भरू लागलेला स्त्रीसंगीत महोत्सव याच परंपरेतला. हे संगीत प्रामुख्याने लोकगीताच्या वळणाचे व शांत प्रकृतीचे होते. पुरुषी रॉकमधील आक्रमकता स्त्रियांनी का उचलावी, असा प्रश्न या वर्तुळात गांभीर्याने विचारला जात असे.

दुसरी परंपरा ब्रिटिश पंकची. 'एक्स-रे स्पेक्स' या गटाची गायिका पॉली स्टायरीन (१९५७-२०११) हिचे वडील सोमाली व आई ब्रिटिश होती. दातांवर तारा, अंगावर भडक रंगांचे विजोड कपडे आणि छतापर्यंत चढणारा कर्कश आवाज अशा रूपात तिने रॉक गायिकेच्या मोहक प्रतिमेचे विडंबन केले. 'द स्लिट्स' या गटाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७९ साली निघाली. 'द रेनकोट्स' हा गट आना दा सिल्व्हा आणि जीना बर्च या कलाशाळेतील विद्यार्थिनींनी १९७७ साली स्थापन केला, व १९७९ मध्ये 'रफ ट्रेड'ने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली. या गटाच्या रचनेत कोणतेही एक वाद्य इतरांवर हुकमत गाजवत नाही. लय मध्येच सैल होते, व्हायोलिन सुरांच्या कडेकडेने चालते, अनेक आवाज एकमेकांत मिसळतात. रॉकमधील ठाम, पुढे रेटणाऱ्या ठेक्याला हा एक पर्याय होता. येथे स्त्रीत्वाचा विचार शब्दांपुरता न राहता संगीताच्या बांधणीत उतरला.

या दोन परंपरांमध्ये परस्पर संवाद थोडा होता. पहिलीजवळ संघटनेची जाणीव होती. पण तरुण मुलींना तिचे संगीत आईच्या पिढीचे वाटे. दुसरीजवळ आवाजाचे धाडस होते. पण त्यातील अनेकींना 'स्त्रीवादी' हे बिरुद नको होते. 'रायट गर्ल'चे वैशिष्ट्य असे की, तिने या दोन्ही वारशांना एकत्र आणले.

३. ऑलिंपिया आणि वॉशिंग्टन

ऑलिंपिया हे वॉशिंग्टन राज्याच्या राजधानीचे लहानसे शहर आहे. तेथील एव्हरग्रीन स्टेट कॉलेज प्रायोगिक शिक्षणासाठी ओळखले जाते. महाविद्यालयाच्या 'केओस' या नभोवाणी केंद्राने १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रसारणातील ८० टक्के संगीत स्वतंत्र कंपन्यांचे असावे असे धोरण आखले होते. कॅल्विन जॉन्सन यांची 'के रेकॉर्ड्स' ही कंपनी १९८२ पासून तेथे कार्यरत होती. स्वतंत्र संगीताला अशी पोषक भूमी लाभलेल्या या शहरात टोबी व्हेल हिने १९८८ साली 'जिगसॉ' ही पत्रिका सुरू केली. पंकमध्ये मुलींचे स्थान काय, हा प्रश्न तिने तिच्या पानांतून सातत्याने विचारला.

कॅथलीन हॅना ही याच महाविद्यालयाची विद्यार्थिनी. छायाचित्रण व काव्यवाचन ही तिची आरंभीची क्षेत्रे होती, आणि अत्याचारपीडित स्त्रियांच्या आश्रयगृहात ती काम करीत असे. प्रयोगशील कादंबरीकार कॅथी अ‍ॅकर यांच्याशी झालेल्या भेटीचा प्रसंग हॅनाने पुढे अनेकदा सांगितला आहे. लोकांनी ऐकावे अशी इच्छा असेल तर काव्यवाचनापेक्षा संगीताचा गट काढ, असा सल्ला अ‍ॅकर यांनी तिला दिला होता. १९९० साली हॅना, व्हेल, कॅथी विल्कॉक्स आणि बिली कॅरन यांनी 'बिकिनी किल' हा गट स्थापन केला. शेजारच्या ओरेगॉन राज्यातील विद्यापीठात शिकणाऱ्या अ‍ॅलिसन वुल्फ व मॉली न्यूमन यांनी 'गर्ल जर्म्स' ही पत्रिका व 'ब्रॅटमोबील' हा गट सुरू केला. या गटाने १४ फेब्रुवारी १९९१ रोजी ऑलिंपियात आपला पहिला कार्यक्रम केला.

१९९१ च्या उन्हाळ्यात हे दोन्ही गट देशाच्या राजधानीत, वॉशिंग्टन शहरात होते. त्याच वर्षी मे महिन्यात त्या शहराच्या माउंट प्लेझंट भागात पोलिसांच्या गोळीबारानंतर दंगल उसळली होती. 'मुलींची दंगल' ही कल्पना त्या वातावरणात मैत्रिणींच्या पत्रव्यवहारातून पुढे आली, आणि 'रायट गर्ल' हे नाव प्रथम एका छोट्या पत्रिकेला देण्यात आले. त्यानंतर मुलींच्या साप्ताहिक बैठका सुरू झाल्या. ऑगस्टमध्ये ऑलिंपियात 'के रेकॉर्ड्स'च्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय संमेलनाची पहिली रात्र केवळ स्त्रियांच्या सादरीकरणाला दिली गेली. त्याच सुमारास तेथे 'किल रॉक स्टार्स' ही कंपनी सुरू झाली व या गटांच्या ध्वनिमुद्रिका तिने काढल्या. ३१ जुलै ते २ ऑगस्ट १९९२ या काळात वॉशिंग्टनमध्ये चळवळीचे संमेलन भरले. ब्रिटनमध्ये 'हगी बेअर' या गटाने हाच विचार उचलला.

चळवळीच्या नावाचा विचार स्वतंत्रपणे करण्याजोगा आहे. इंग्रजीतील 'गर्ल' या शब्दातला स्वर काढून टाकून त्या जागी 'र' तीनदा लिहिण्यात आला. त्यामुळे शब्दाच्या उच्चारातच गुरगुरणे आले. स्त्रीमुक्ती चळवळीने प्रौढ स्त्रीला 'गर्ल' म्हणण्यावर आक्षेप घेतला होता आणि 'वुमन' हा शब्द आग्रहाने रूढ केला होता. 'बाई', 'स्त्री', 'मुलगी', 'पोरगी' या शब्दांच्या छटा जाणणाऱ्या मराठी वाचकाला या निवडीतील ताण समजणे कठीण नाही. तरुण पिढीने सोडून दिलेला, हिणवणारा शब्द जाणीवपूर्वक परत घेतला. मुलगीपण म्हणजे स्त्रीत्वाची अपुरी अवस्था नसून तिथेच मैत्री, राग आणि प्रतिकार यांची साठवण असते, हा त्यामागील आशय होता.

४. झीन : एक वाङ्मयीन रूप

या चळवळीचे गाणे जितके ऐकले गेले, तितकेच तिचे लेखन हातोहात फिरले. 'झीन' म्हणजे एकट्या व्यक्तीने किंवा दोघी-तिघींनी हाताने लिहून, टंकलिखित करून, चित्रे कापून चिकटवून आणि झेरॉक्स काढून तयार केलेली पत्रिका. तिची किंमत एखादा डॉलर किंवा टपालाची काही तिकिटे असे, आणि पुष्कळदा ती दुसऱ्या झीनच्या बदल्यातच मिळे. मराठी वाचकाला येथे १९६० च्या दशकातील लघुअनियतकालिकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. सायक्लोस्टाइलसारखी स्वस्त साधने, प्रस्थापित संपादकीय व्यवस्थेला नकार आणि अनियमितपणाचाच पुरस्कार, ही साम्ये खरी आहेत. परंतु साम्य येथेच थांबते. मराठीतील ती चळवळ मुख्यतः कवी-लेखकांची होती व तिच्यात स्त्रियांची नावे अपवादानेच आढळतात. तिचा रोख साहित्यविषयक अभिरुची बदलण्याकडे होता. झीन लिहिणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींना लेखिका म्हणून ओळख मिळवायची नव्हती.

झीनची संहिता मिश्र असते. तिच्यात रोजनिशी, पत्र, याद्या, कार्यक्रमांचे वृत्तांत, पुस्तकांचा परिचय, वाद्य कसे जुळवावे याच्या सूचना आणि जाहीरनामा हे सारे एकाच पानावर येऊ शकते. पन्नाशीच्या दशकातील जाहिरातींमधल्या हसऱ्या गृहिणींची चित्रे कापून त्यांच्याशेजारी बलात्काराविषयीचा मजकूर ठेवण्याची रीत वारंवार दिसते. दोन्हींच्या सान्निध्यातून उपरोध निर्माण होतो, वेगळे भाष्य करावे लागत नाही. शुद्धलेखनाच्या चुका व खोडलेले शब्द तसेच ठेवलेले असतात. नीटनेटकेपणा हा शाळेत मुलींवर बिंबवला जाणारा गुण. त्यामुळे हा अव्यवस्थितपणाही अर्थपूर्ण ठरतो.

आशयाच्या दृष्टीने पाहता लैंगिक अत्याचार, कुटुंबातील हिंसा, शरीराविषयीची लाज, आहाराचे विकार आणि मैत्रिणींमधील स्पर्धा हे विषय पुनःपुन्हा येतात. लेखन प्रथमपुरुषी एकवचनी असते. परंतु ते वाचून दुसरी मुलगी आपली पत्रिका काढते, पहिलीला पत्र लिहिते, आणि 'मी' हळूहळू 'आम्ही'कडे सरकतो. १९७० च्या दशकातील स्त्रियांच्या जाणीवजागृती गटांत जे प्रत्यक्ष भेटीतून घडत असे, ते येथे टपालातून घडले. 'बिकिनी किल'च्या पत्रिकेच्या दुसऱ्या अंकात १९९१ साली प्रसिद्ध झालेला जाहीरनामा याच प्रक्रियेचे रचनारूप दाखवतो. त्यातील बहुतेक परिच्छेद कारणवाचक शब्दाने सुरू होतात. चळवळ का हवी याची कारणे एकामागून एक रचली जातात, आणि या संचयातूनच आवाहन उभे राहते. मुलींना सहज हाती येतील अशा ध्वनिमुद्रिका, पुस्तके व पत्रिका हव्यात, ही मागणी त्यात अग्रभागी आहे. प्रतिनिधित्वापेक्षा निर्मितीच्या साधनांवर दिलेला हा भर लक्षणीय होय.

५. आवाज आणि प्रेक्षागृह

हॅनाच्या गायनात दोन परस्परविरोधी आवाज एकाच गीतात येतात : लाडिक, बालिश वळणाचा एक आणि घसा ताणून काढलेल्या किंकाळीचा दुसरा. पहिला आवाज मुलीकडून अपेक्षिलेला, दुसरा तिला निषिद्ध. गायिका एकातून दुसऱ्यात अचानक जाते तेव्हा पहिल्याचा कृत्रिमपणा उघडा पडतो. किंकाळी ही येथे दुःखाची किंवा भीतीची सहजप्रतिक्रिया राहत नाही. ती योजून केलेली उक्ती बनते. 'रेबेल गर्ल' या गीतात एका मुलीने दुसऱ्या मुलीकडे आदराने, आकर्षणाने व मैत्रीने पाहिले आहे. रॉकमधील प्रेमगीताचा साचा त्यात तसाच ठेवून त्यातील पुरुष निवेदक हटवला आहे. याच गीताच्या १९९३ मधील एका ध्वनिमुद्रणाची निर्मिती ज्येष्ठ रॉक गायिका जोन जेट यांनी केली.

देहाचा वापरही असाच विचारपूर्वक होता. स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे शिवीवाचक शब्द हॅना स्वतःच्या अंगावर ठळक अक्षरांत लिहून मंचावर येई. पाहणारा जे मनात म्हणणार ते आधीच लिहून ठेवल्यामुळे त्याच्या शब्दातील शक्ती हिरावली जाते, अशी यामागील धारणा. मात्र असे प्रदर्शन पाहणाऱ्याच्या हाती नेमके काय देते, हा प्रश्न चळवळीतही वादाचा राहिला.

सर्वांत मूलगामी हस्तक्षेप प्रेक्षागृहाच्या रचनेत झाला. १९८० च्या दशकातील हार्डकोर पंकच्या कार्यक्रमांत मंचासमोरची जागा अंगावर अंग आदळून नाचणाऱ्या पुरुषांनी व्यापलेली असे. मुली मार लागू नये म्हणून भिंतीलगत उभ्या राहत, आणि मित्रांचे कोट सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे येई. 'बिकिनी किल'ने मुलींनी पुढे यावे व पुरुषांनी मागे जावे अशी सूचना मंचावरून देण्यास प्रारंभ केला. गोंगाटात शब्द हरवू नयेत म्हणून गीतांचे छापील कागदही वाटले जात. या साध्या कृतींनी सभागृहाची सत्तारचना उघड केली. 'सर्वांना मोकळी' असलेली जागा प्रत्यक्षात कोणाची होती, हे मागे सरकण्यास सांगितले गेलेल्या पुरुषांच्या संतापावरूनच कळून आले. काही ठिकाणी या संतापाने हिंसक रूप धारण केले. स्वतंत्र संस्कृतीचा समतेचा दावा येथे कसोटीला लागला असे म्हणता येईल.

६. प्रसिद्धी आणि मौन

१९९२ मध्ये मोठ्या वृत्तपत्रांचे व साप्ताहिकांचे लक्ष या चळवळीकडे वळले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 'न्यूजवीक'ने तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. अशा लेखनात मुलींच्या वेशभूषेचे वर्णन अधिक व विचारांची दखल कमी असे. अत्याचाराचे खाजगी अनुभव सनसनाटी मजकूर म्हणून वापरले गेल्याचीही तक्रार होती. परिणामी, पत्रकारांशी बोलू नये असे आवाहन चळवळीतून झाले. आपल्याविषयी आपणच लिहू, हा झीनचा मूळ विचार या निर्णयात शेवटपर्यंत नेला गेला.

या मौनाचे मूल्यमापन एकांगी करता येणार नाही. शब्दांवरचा ताबा त्यामुळे काही अंशी राखला गेला. दुसरीकडे, दूरच्या लहान गावांतील अनेक मुलींना चळवळीची पहिली वार्ता याच सदोष लेखांतून मिळाली होती आणि त्यांनी त्यातूनच पत्ते शोधून पत्रे लिहिली होती. मौनामुळे ही वाट अरुंद झाली. शिवाय बोलण्यास कोणी नसले तरी बाजार थांबत नाही. 'गर्ल पॉवर' हे शब्द १९९१ मध्ये 'बिकिनी किल'च्या पत्रिकेवर होते. १९९६ पासून ते 'स्पाइस गर्ल्स' या व्यावसायिक गटाची घोषणा म्हणून जगभर पोहोचले. त्या प्रवासात 'पॉवर' या शब्दातील सामूहिक मागणी गळून पडली आणि ग्राहक मुलीचा आत्मविश्वास तेवढा उरला.

७. चळवळीच्या आतील सीमा

स्वतंत्र संगीतातील पुरुषसत्ता उघड करणाऱ्या या चळवळीत स्वतःच्या सीमा होत्या. तिच्यातील बहुसंख्य मुली गौरवर्णीय, मध्यमवर्गीय आणि महाविद्यालयीन होत्या. 'गर्ल' हा शब्द परत घेण्याची कल्पनाही सर्वांसाठी सारखी नव्हती. कृष्णवर्णीय प्रौढ स्त्रीला मोलकरीण म्हणून 'गर्ल' अशी हाक मारण्याचा इतिहास अमेरिकेत दीर्घ आहे. त्या शब्दात तिला खेळकरपणा सापडणे सोपे नव्हते. अंगावर शिवी लिहिण्याबाबतही हेच म्हणता येईल. ज्या स्त्रियांच्या देहावर समाजाने ती शिवी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलीच आहे, त्यांच्यासाठी तिचा उपरोध निष्प्रभ ठरतो.

न्यू जर्सीतील रामदाशा बिक्‌सीम या कृष्णवर्णीय तरुणीने 'गंक' या आपल्या पत्रिकेत पंकमधील एकटेपणाविषयी चळवळीच्या ऐन काळातच लिहिले होते. १९९७ मध्ये मिमी थी न्युएन यांनी 'इव्होल्यूशन ऑफ अ रेस रायट' हे गौरेतर पंक लेखकांचे संकलन प्रसिद्ध केले. त्याच दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कमध्ये तमार-काली व तिच्या सहकारी कृष्णवर्णीय गायिकांनी 'सिस्टा गर्ल रायट' या नावाने आपले कार्यक्रम केले. न्युएन यांनी २०१२ सालच्या एका निबंधात या प्रश्नाची सैद्धांतिक मांडणी केली आहे. खाजगी अनुभवाच्या उच्चारणाला सर्वोच्च मूल्य देणाऱ्या संस्कृतीत वर्णभेदाची चर्चाही गौरवर्णीय मुलींच्या कबुलीजबाबात रूपांतरित झाली, आणि गौरेतर स्त्रियांच्या वाट्याला शिकवणारीची भूमिका आली, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. ही टीका झीनच्या मर्मावरच बोट ठेवते. आत्मनिवेदनाने 'मी'चा 'आम्ही' होतो हे खरे. परंतु ज्यांचे 'मी' एकमेकींसारखे आहेत त्यांचाच 'आम्ही' लवकर होतो.

लिंगभावाच्या व्याख्येचा प्रश्नही असाच तीव्र होता. 'ऑलिव्हिया'मध्ये ध्वनिअभियंता असलेल्या सँडी स्टोन या पारलिंगी स्त्रीविरुद्ध १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोहीम झाली व त्यांना कंपनी सोडावी लागली. मिशिगन महोत्सवातून १९९१ साली एका पारलिंगी स्त्रीला बाहेर काढण्यात आले. तेव्हापासून सुरू झालेला वाद २०१५ मध्ये महोत्सव बंद होईपर्यंत शमला नाही. हॅनाने पुढे स्थापन केलेल्या 'ल टीग्र' या गटालाही या महोत्सवातील सहभागाबद्दल टीका सहन करावी लागली. केवळ स्त्रियांसाठी राखलेली जागा मुक्त करते आणि त्याच वेळी 'स्त्री कोण' हे ठरवण्याचा अधिकारही हाती घेते, हे या घटनांवरून स्पष्ट होते.

८. संग्रह आणि उत्तरपरंपरा

'बिकिनी किल' १९९७ मध्ये विसर्जित झाला (२०१९ मध्ये तो पुन्हा एकत्र आला). परंतु चळवळीची कार्यपद्धती पुढे चालू राहिली. 'हेवन्स टू बेट्सी' या गटातील कोरिन टकर यांनी कॅरी ब्राउनस्टीन यांच्यासह १९९४ मध्ये सुरू केलेला 'स्लेटर-किनी' हा गट दीर्घकाळ टिकला. २००० च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपियात पहिला 'लेडीफेस्ट' महोत्सव झाला आणि त्या धर्तीवर अनेक देशांत स्थानिक महोत्सव भरले. २००१ मध्ये पोर्टलंड येथे मुलींसाठी रॉक संगीताचे शिबिर सुरू झाले. बेटन यांनी नोंदवलेल्या अडथळ्यांवर हे शिबिर म्हणजे थेट उपाय होता : वाद्य, जागा व शिकवणारी स्त्री यांची एकत्र उपलब्धता.

दरम्यान झीनची कागदपत्रे विद्यापीठात पोहोचली. न्यू यॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात लिसा डार्म्स यांच्या पुढाकाराने चळवळीचा संग्रह उभा राहिला व त्यातील निवडक साहित्य २०१३ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्याच वर्षी केट आयकहॉर्न यांनी या संग्रहाचे विश्लेषण करताना एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. या ग्रंथालयात न्यू यॉर्कच्या प्रयोगशील लेखक-कलावंतांची कागदपत्रे पूर्वीपासून आहेत. त्यांच्या शेजारी ठेवल्यामुळे 'रायट गर्ल'चे लेखन तरुण मुलींचा भाबडा उद्रेक न राहता वाङ्मयीन व कलात्मक परंपरेचा भाग म्हणून वाचले जाऊ लागते. संग्रहाची जागा ही अशी वाचनाची दिशा ठरवते. मात्र त्याबरोबर काही प्रश्नही उद्भवतात. पंचवीस मैत्रिणींसाठी लिहिलेली कबुली आता अपरिचित संशोधक वाचतो. ज्या पत्रिका कोणी जपल्या नाहीत, त्या लिहिणाऱ्या मुली इतिहासाबाहेर राहतात. आणि जपण्याची सोय कोणाकडे असते हा प्रश्न पुन्हा वर्ण व वर्ग यांच्याकडेच घेऊन जातो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. स्वतंत्र संगीताचे स्वातंत्र्य हे प्रामुख्याने भांडवलापासूनचे स्वातंत्र्य आहे. लिंगभावाच्या सत्तेपासूनचे स्वातंत्र्य त्यातून आपोआप निष्पन्न होत नाही. ते वेगळ्याने, आणि पुष्कळदा त्या संस्कृतीच्या अंतर्गतच झगडून मिळवावे लागते. 'रायट गर्ल' चळवळीने ते मिळवण्यासाठी गाण्याइतकाच लेखनाचा, वितरणाचा व जागेच्या फेररचनेचा आधार घेतला. म्हणून केवळ ध्वनिमुद्रिकांवरून तिचे मोल ठरवणे अपुरे ठरते. तसेच, तिच्या मर्यादा हा तिच्या इतिहासाचा परिशिष्टात टाकण्याजोगा भाग नव्हे. 'ही जागा खरोखर कोणाची?' हा प्रश्न तिने पंकला विचारला आणि तोच प्रश्न गौरेतर व पारलिंगी स्त्रियांनी तिला व तिच्या पूर्वसूरींना विचारला. प्रश्न विचारण्याची ही रीत एकीकडून दुसरीकडे जात राहिली, हीच या परंपरेची सलगता होय.

वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने यातून एक पद्धतिविषयक सूचना मिळते. प्रसिद्ध ग्रंथ आणि मान्यवर नियतकालिके यांच्या आधारे लिहिलेल्या इतिहासात स्त्रियांचा आवाज क्षीण दिसत असेल, तर तो क्षीण होता असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. तो कोणत्या कागदावर, कोणत्या चालीत आणि किती जणींसाठी उमटला होता, आणि तो जपण्याचे काम कोणी केले किंवा केले नाही, याचा शोध आधी घ्यावा लागतो.